चालताना घाम, बसल्यावर गारठा : उबेचा मधला थर कसा निवडावा?

दिवाळी सरली की सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या ऊसपट्ट्यात तोडणीच्या टोळ्या उतरतात आणि त्यांच्या पाठोपाठ दरवर्षी एक ओळखीची बातमी येऊ लागते. कऱ्हाड, शिराळा किंवा वाळवा तालुक्यातील एखाद्या फडात बिबट्याचे बछडे सापडतात. तोड थांबवली जाते. वनकर्मचारी बछड्यांना सापडल्या जागीच क्रेटमध्ये ठेवतात आणि अंधार पडल्यावर मादी येऊन त्यांना घेऊन जाईल, या आशेने दूर आडोशाला बसून राहतात. या प्रतीक्षेत बोलायचे नसते, हलायचे नसते आणि शेकोटी तर पेटवायचीच नसते. मादी कधी दोन-तीन तासांत येते, कधी पहाट होत आली तरी येत नाही. दिवसभर धावपळ करून घामेजलेले शरीर आणि त्यानंतर ओलसर शेताच्या बांधावर काढलेली डिसेंबरची रात्र यांचा मेळ घालणे सोपे नाही.

थंडीत निश्चल बसण्याची ही कसोटी जगभरच्या शिकाऱ्यांना पूर्वापार परिचित आहे. उत्तर अमेरिकेत वा स्कँडिनेव्हियात हरणाच्या शिकारीला निघालेला माणूस प्रथम बर्फातून तासभर चढतो आणि मग झाडावरच्या बैठकीत तासन्‌तास दगडासारखा बसतो. त्यामुळे तिकडील शिकारी कपड्यांविषयी जितका खल करतात, तितका बंदुकीविषयीही क्वचितच करत असतील. त्या चर्चेच्या केंद्रस्थानी बहुधा एकच प्रश्न असतो : आतील बनियन आणि वरील वारारोधक जॅकेट यांच्यामध्ये घालायचा उबदार थर कोणता असावा?

आपल्याकडे शिकार इतिहासजमा झाली. साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज शिकारीचे शौकीन होते. वाघाच्या हल्ल्यातून त्यांना वाचवणाऱ्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी संगम माहुली येथे आजही दाखवली जाते. पुढे संस्थानी काळातही शिकारीचे प्रस्थ टिकून होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला आळा घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावरील शिकारही थांबली. बंदूक गेली, तरी थंडीतील बैठक मात्र राहिली. ती आता वनरक्षकाची, वन्यजीव निरीक्षकाची आणि छायाचित्रकाराची झाली आहे. दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत कोयना आणि चांदोलीच्या जंगलवाटा ऐन हिवाळ्यात भल्या पहाटे पायी तुडवाव्या लागतात. वासोट्याला जाणारे हौशी पर्यटकही याच अनुभवातून जातात. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून होडीने जाताना झोंबणारा वारा, नंतर अंगातून धारा काढणारी चढण आणि माथ्यावर टेकताच पाठीवर थंडगार चिकटलेला सदरा, असा तो क्रम असतो.

ऊब कपड्यात नसते

कोणतेही वस्त्र स्वतः उष्णता निर्माण करत नाही. शरीराची उष्णता बाहेर जाण्याचा वेग कमी करणे एवढेच त्याचे काम. हे काम प्रत्यक्षात धागा करत नाही, तर धाग्यांच्या जाळीत अडकलेली स्थिर हवा करते. हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. पाणी मात्र स्थिर हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. घामाने वा दवाने वस्त्रातील हवेची जागा पाण्याने घेतली, की कालपर्यंत उबदार वाटणारा कपडा आज गारठ्याचे कारण होतो.

दुसरा मुद्दा शरीराच्या भट्टीचा. शांत बसलेला प्रौढ माणूस साधारण १०० वॉट उष्णता निर्माण करतो. ओझे घेऊन चढ चढताना हाच आकडा पाचपटीच्या आसपास जातो. म्हणजे चढताना जो स्वेटर असह्य होतो, तोच बसल्यावर अपुरा पडतो. थंडीच्या कपड्यांची सारी अडचण या एका वस्तुस्थितीत सामावलेली आहे. जाडजूड एकच जॅकेट घेऊन ती सुटत नाही, कारण ते घालून चढले तर घाम साचतो आणि काढून चढले तर वारा लागतो.

यावर उपाय म्हणून तीन थरांची पद्धत रूढ झाली. त्वचेलगतच्या पातळ थराने घाम शोषून बाहेर ढकलावा. सर्वांत वरच्या थराने वारा आणि पाणी अडवावे. मधल्या थराने हवा धरून ठेवावी आणि आतून येणारी वाफ मात्र अडवू नये. यांतील पहिला आणि तिसरा थर निवडणे तुलनेने सोपे असते. चूक होते ती बहुधा मधल्या थरात, कारण तो दुकानात केवळ जाडीवरून निवडला जातो.

पाच पर्याय, पाच स्वभाव

बाजारात सर्वाधिक खपणारा पर्याय सुती स्वेटशर्टचा. तो मऊ, स्वस्त आणि घरात उत्तम असतो. परंतु कापूस पाणी धरून ठेवतो, भिजल्यावर त्याचे तंतू एकमेकांना चिकटून हवेचे कप्पे मिटतात आणि तो सुकायला फार वेळ घेतो. घाम येणार असेल आणि नंतर बसायचे असेल, तर सुती मधला थर हा सर्वांत वाईट पर्याय होय. शहरातील थंडीत तो चालतो आणि म्हणूनच जंगलात फसवतो.

दुसरा पर्याय फ्लीसचा. पॉलिएस्टरच्या धाग्यांना पिंजून केसाळ केलेले हे कापड १९७९ मध्ये अमेरिकेतील माल्डन मिल्स या गिरणीने विकसित केले. पॉलिएस्टर स्वतः जवळजवळ पाणी शोषतच नाही. त्यामुळे भिजलेले फ्लीस पिळून झटकले तरी बरेचसे कोरडे होते. ते हलके असते, घासले गेले तरी आवाज करत नाही आणि परवडते. त्याचे वजन दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये मोजतात. साधारण १०० ग्रॅमचे चालताना, २०० चे सर्वसाधारण वापराला आणि ३०० चे बसून राहायला, असा ढोबळ हिशेब असतो. फ्लीसचे दोष दोन. वारा त्यातून आरपार जातो, म्हणून वर वारारोधक थर लागतोच. शिवाय ठिणगी पडली की ते वितळून भोक पडते आणि वितळलेले प्लॅस्टिक त्वचेला चिकटू शकते.

तिसरा पर्याय पिसांचा. बदकाच्या वा हंसाच्या मऊ पिसांनी भरलेले जॅकेट वजनाच्या मानाने सर्वाधिक ऊब देते आणि मुठीएवढे दाबून पिशवीत बसते. परंतु पिसे भिजली की त्यांचा लगदा होतो आणि ऊब संपते. लडाखच्या कोरड्या थंडीत ते राजासारखे वागते, कोयनेच्या दवात मात्र त्याचा भरवसा धरता येत नाही. त्यातच बाहेरचे नायलॉन हलताना कुरकुरते, आणि निःशब्द बसायचे असेल तेव्हा ही कुरकुर महागात पडते.

चौथा पर्याय कृत्रिम तंतू भरलेल्या जॅकेटचा. अमेरिकी सैन्यासाठी पिसांना पर्याय शोधताना १९८० च्या दशकात असे बारीक तंतू तयार झाले. ते पिसांइतके हलके नसतात, पण ओले झाल्यावरही बरीचशी ऊब टिकवतात. बैठकीसाठी ते उपयुक्त आहेत. मात्र वारंवार दाबून ठेवल्याने काही हंगामांत त्यांचा फुगीरपणा ओसरतो.

पाचवा आणि सर्वांत जुना पर्याय लोकरीचा. लोकरीचा तंतू मुळातच कुरळा असतो, त्यामुळे हवेचे कप्पे त्यात आपोआप तयार होतात. त्याची खरी करामत ओलाव्याशी आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प तंतूच्या आत सामावून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. बाष्प शोषताना ती थोडी उष्णताही बाहेर टाकते. म्हणून चढ संपवून बसल्यावर फ्लीस घातलेल्या माणसाला जो अचानक गारठा जाणवतो, तो लोकरीत सौम्य होतो. लोकर वितळत नाही, ठिणगीने सहसा पेटत नाही, आवाज करत नाही आणि घामाचा वास पटकन धरत नाही. वन्य प्राण्यांच्या जवळ बसणाऱ्यासाठी हे शेवटचे दोन गुण लाखमोलाचे. वजन आणि सुकायला लागणारा वेळ हे तिचे दोष.

माणदेशाने आधीच सोडवलेले गणित

लोकरीची ही महती ऐकण्यासाठी परदेशी शिकाऱ्यांकडे जाण्याची सातारा-सांगलीला गरज नाही. माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत आणि कवठे महांकाळ हा मेंढपाळांचा मुलूख. दिवाळीनंतर येथील धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरे, घोडी आणि बिऱ्हाडासह फिरणारे तळ, चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात. त्यांतील काही घाट उतरून कोकणात जातात. हिवाळ्याच्या साऱ्या रात्री उघड्या माळावर जातात आणि लांडग्यापासून कळप राखणारा जागल्या रात्रभर बसूनच असतो. शिकारी जनावराची वाट पाहतो ते मारण्यासाठी, मेंढपाळ वाट पाहतो ते हाकलण्यासाठी. दोघांच्या अंगाला लागणारी थंडी एकच असते.

या जागल्याच्या खांद्यावर घोंगडे असते. दख्खनी मेंढीची बहुधा काळी, जाडीभरडी लोकर वर्षातून दोनदा कातरली जाते. ती पिंजून, कातून, ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन खड्ड्याच्या मागावर घोंगडे विणले जाते. सणगर आणि खुटेकर धनगर यांची ही परंपरागत कला असून म्हसवडसारख्या गावांनी त्यात नाव कमावले. कोकरांच्या पहिल्या कातरणीची लोकर, म्हणजे जावळ, सर्वांत मऊ आणि म्हणूनच मानाची.

घोंगडे अंगाला टोचते, ही तक्रार खरी आहे आणि तिचे कारण तंतूच्या जाडीत आहे. मेरिनो मेंढीचा तंतू साधारण १७ ते २० मायक्रॉन जाडीचा असतो. तो स्पर्शाला वाकतो. दख्खनी तंतू ३० मायक्रॉनपेक्षा बराच जाड असतो. तो वाकत नाही, रुततो. परंतु हीच जाडी त्याला काटेकुटे, घर्षण आणि वर्षानुवर्षांची झीज सहन करण्याचे बळ देते. मधला थर त्वचेला लागत नसतो, हे लक्षात घेतले तर टोचण्याचा दोष बराच गौण ठरतो. पैरणीवर पांघरलेले घोंगडे कोणाही धनगराला टोचत नाही.

घोंगडे वापरण्याच्या पद्धतीत तर मधल्या थराचा सर्वांत महत्त्वाचा नियम दडलेला आहे. मेंढपाळ कळपामागे चालताना ते घडी करून खांद्यावर टाकतो. थांबला की पांघरतो, पाऊस आला की त्याचीच खोळ करून डोक्यावर घेतो आणि रात्री अंथरतो. म्हणजे चालताना ऊब अंगावर नसते, ओझ्यात असते. शहरातून येणारा पर्यटक नेमके उलटे करतो. पहाटे गाडीतून उतरताना थंडी वाजते म्हणून तो सारे कपडे चढवतो आणि अर्ध्या चढावर घामाने निथळतो. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे, हा नियम धनगराला कोणी शिकवावा लागला नाही.

एकाच पट्ट्यातील दोन थंड्या

या दोन जिल्ह्यांत थंडीही दोन प्रकारची आहे. पश्चिमेकडे महाबळेश्वर, कोयना, चांदोली हा दाट जंगलांचा आणि जलाशयांचा भाग. येथे धुके आणि दव यांमुळे कपडा बाहेरूनही ओला होतो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, तेव्हा हवेचे नोंदलेले तापमान शून्याच्या बरेच वर असू शकते. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे वेगाने सोडते आणि गवताची पाती हवेपेक्षा अधिक थंड होतात. जमिनीवर बसणाऱ्याला ही थंडी बैठकीतून पोहोचते, म्हणून अंगावरील थराइतकेच बुडाखालील थरालाही महत्त्व आहे. चौघडी केलेले घोंगडे किंवा फोमची चटई येथे दुसऱ्या स्वेटरपेक्षा अधिक कामाची ठरते.

पूर्वेकडील माण, आटपाडी, जत हा पर्जन्यछायेचा प्रदेश. येथे हवा कोरडी, दिवस तापलेले आणि रात्री झपाट्याने थंड होणाऱ्या. माळावर वारा अडवायला झाड नाही. येथे ओलाव्यापेक्षा वाऱ्याचा विचार आधी करावा लागतो. त्यामुळे पश्चिमेला मध्यम जाडीची लोकर किंवा फ्लीस आणि वर पाणीरोधक कवच ही जोडी योग्य, तर पूर्वेला तोच मधला थर पातळ पण दाट विणीच्या वारारोधक कापडाखाली पुरेसा होतो. तेथे कोरडेपणामुळे पिसांचे जॅकेटही निभावून जाते.

खरेदी करताना

मधला थर विकत घेताना काही साध्या चाचण्या उपयोगी पडतात. तो सदऱ्यावर घालून दोन्ही हात डोक्यावर न्यावेत आणि उकिडवे बसून पाहावे. कंबर उघडी पडली तर लांबी अपुरी आहे. मग वरचे जॅकेट चढवून पाहावे. आतला थर दाबला जात असेल तर हवा निघून जाते आणि पैसे वाया जातात. गळ्यापर्यंत येणारी चेन असावी, कारण चढताना ती उघडणे हा घाम टाळण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे. कानाजवळ बाही घासून आवाज ऐकावा. एका जाड थरापेक्षा दोन मध्यम थर घ्यावेत. एक पातळ लोकरी स्वेटर आणि एक बिनबाह्यांची बंडी ही जोडी एका जाडजूड जॅकेटपेक्षा अधिक प्रसंगांना पुरते. बंडीमुळे छाती-पाठ उबदार राहते आणि हात मोकळे राहतात.

रंगाचाही विचार हवा. हरणवर्गातील प्राण्यांना लाल आणि केशरी छटा नीट ओळखता येत नाहीत, मात्र निळा रंग त्यांना चांगला दिसतो. म्हणून निरीक्षणासाठी निळे स्वेटर टाळून करडा, मातकट वा शेवाळी रंग निवडावा. कपडे उजळ करणाऱ्या धुण्याच्या पावडरींमध्ये असे घटक असतात, की त्यांमुळे कापड प्राण्यांच्या नजरेत चमकते. साधा साबण बरा. लोकर थंड पाण्यात धुवावी, पिळू नये आणि सावलीत पसरून वाळवावी. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्यांऐवजी कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा, नाहीतर जंगलात माणसाआधी त्याचा वास पोहोचतो.

ही हौस नव्हे

थंडीच्या कपड्यांचा विचार म्हणजे हौशी लोकांचे चोचले, असे काहींना वाटेल. परंतु शरीराचे आतील तापमान ३५ अंशांखाली गेले की धोका सुरू होतो आणि त्यासाठी बर्फ पडावाच लागतो असे नाही. ओले कपडे, वारा आणि थकवा हे तिघे एकत्र आले, तर ८-१० अंशांतही ते घडू शकते. बोटे नीट न चालणे, जीभ जड होणे, असंबद्ध वागणे ही त्याची लक्षणे. थरथर कापणारा माणूस कापायचा थांबला आणि तरी सुस्त दिसत असेल, तर तो बरा झालेला नसून अधिक संकटात असतो. त्याला वाऱ्यापासून आडोशाला नेऊन ओले कपडे काढावेत, कोरड्या लोकरीत गुंडाळावे, शुद्धीवर असल्यास गरम गोड चहा द्यावा आणि त्वरित दवाखाना गाठावा. दारूने ऊब येते हा समज घातक आहे. तिने त्वचेकडील रक्तप्रवाह वाढतो आणि आतील उष्णता उलट वेगाने बाहेर जाते.

हा धोका पर्यटकापेक्षा अधिक पत्करतात ती कामावरची माणसे. जेथे कृषिपंपांना रात्रपाळीने वीज मिळते, तेथे शेतकरी मध्यरात्री गव्हाला वा उसाला पाणी देताना चिखलात उभा असतो. वनमजूर पहाटेच्या गस्तीवर असतो. ऊसतोड कामगार दव पडलेल्या फडात उजाडण्याआधीच शिरतो. यांच्या अंगावर बहुधा सुती कापडच असते, म्हणजे ओलाव्यात सर्वांत आधी दगा देणारे.

आणि याच प्रदेशात लोकरीला मोल उरलेले नाही. मांसासाठी मेंढी पाळणे परवडते, पण कातरणीची मजुरीदेखील लोकरीच्या विक्रीतून सुटत नाही, ही मेंढपाळांची नेहमीची तक्रार आहे. गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटांनी घोंगड्याचा बाजार खाल्ला आणि माग थांबत गेले. दहिवडी आणि रांजणी येथे शासनाच्या महामंडळाची मेंढी-शेळी प्रक्षेत्रे आहेत, काही संस्था दख्खनी लोकरीपासून नव्या वस्तूही घडवत आहेत. परंतु घोंगड्याच्या कापडाची अस्तर लावलेली बंडी वनरक्षकाच्या गणवेशात किंवा पर्यटकाच्या पाठपिशवीत अद्याप पोहोचलेली नाही. त्यासाठी लोकर म्हसवडच्या बाजारातून फार दूर न्यावी लागणार नाही. कोयनेची चौकी तिथून एका दिवसाच्या अंतरावर आहे.